भुयाराची दारे

३ मार्च १९४३. लंडनच्या पूर्व भागात, बेथनल ग्रीनमध्ये, रात्री आठ वाजून सतरा मिनिटांनी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. दोनच रात्रींपूर्वी ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केला होता. आता जर्मन विमाने त्याचे उट्टे काढायला येणार, असे जो तो धरून चालला होता. सिनेमागृहे रिकामी झाली, बसमधली माणसे उतरली आणि सगळे मुलाबाळांना घेऊन भुयारी रेल्वेच्या स्टेशनाकडे निघाले. स्टेशन अर्धवट बांधलेले होते, रूळही पडले नव्हते; त्यामुळेच तिथे पाच हजार माणसांच्या निजण्याची सोय करता आली होती. दहा मिनिटांनी जवळच्या बागेतून विमानवेधी अग्निबाणांचा मारा सुरू झाला. हे अस्त्र नवे होते, त्याचा आवाज लोकांच्या ओळखीचा नव्हता. बॉम्बच पडताहेत अशा समजुतीने रस्त्यावरचा जमाव जिन्यात घुसला. एकोणीस पायऱ्यांचा जिना, वर एक मिणमिणता दिवा, मध्ये धरायला कठडा नाही. खालच्या दोन-तीन पायऱ्या राहिल्या असताना मूल घेतलेली एक बाई अडखळून पडली. तिच्यावर मागचा माणूस पडला, त्याच्यावर त्याच्या मागचा. बघता बघता सुमारे तीनशे माणसे त्या जिन्यात एकमेकांवर रचली गेली. १७३ जणांचा गुदमरून जीव गेला. त्यांत ६२ मुले होती. त्या रात्री त्या भागात एकही बॉम्ब पडला नाही.

हा जिना धोक्याचा आहे हे कोणाला कळले नव्हते असे नाही. स्टेशनाचे तोंड भक्कम करून घेण्याची परवानगी स्थानिक पालिकेने १९४१मध्येच मागितली होती. पैसा वाया जाईल म्हणून ती नाकारण्यात आली. दुर्घटनेची चौकशी झाली, पण तिचे निष्कर्ष १९४५पर्यंत लोकांपुढे येऊ दिले नाहीत.

युद्धातल्या जमिनीखालच्या आसऱ्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो तो किती खोल, हा. वेगवेगळ्या युद्धांतल्या हकिकती एकीपुढे एक ठेवल्या की मला दुसराच प्रश्न मोठा वाटू लागतो. दारे किती, ती कुठे उघडतात आणि कोणाच्या ताब्यात आहेत? हवा दारातून येते, धूर दारातून जातो, धान्य दारातून येते, मेलेला माणूस दारातून बाहेर न्यावा लागतो. वरून एक दार बुजले तर दुसरे उघडे असावे लागते. हे सगळे फार बारकाईने ज्यांनी जुळवले, ते व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचे एक लहानसे गाव होते. कोळी आणि शेतकऱ्यांचे. नाव विन्ह मोक.

१९५४च्या जिनिव्हा करारात व्हिएतनामचे दोन तुकडे झाले. सतराव्या अक्षांशाच्या आसपास वाहणारी बेन हाय नदी ही सीमा ठरली आणि तिच्या दोन्ही काठांना पाच-पाच किलोमीटरचा पट्टा सैन्यमुक्त जाहीर झाला. या कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे उरलेले दोन सदस्य. फाळणी तात्पुरती होती, दोन वर्षांत निवडणुका घेऊन देश एक व्हायचा होता. निवडणुका झाल्याच नाहीत. विन्ह मोक हे नदीच्या उत्तरेला, विन्ह लिन्ह जिल्ह्यात, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या अगदी दक्षिण टोकाला. मार्च १९६५मध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू केली आणि हा टापू तिच्या तडाख्यात पहिल्यापासून सापडला. वरून विमाने, समुद्रातून युद्धनौकांच्या तोफा, दक्षिणेकडून नदीपलीकडच्या तोफा, असा तिन्ही बाजूंनी मारा होता. त्यातच विन्ह मोकच्या समोर, किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर, कोन को नावाचे बेट आहे. तिथे उत्तर व्हिएतनामची विमानवेधी ठाणी होती आणि त्यांना लागणारा दाणागोटा व दारूगोळा गावातले लोक रात्री होड्यांतून पोचवत. गाव युद्धापासून अलिप्त होते असे म्हणता येणार नाही. पण त्या गावात म्हातारेकोतारे होते, गरोदर बाया होत्या, दूधपिती पोरे होती, आणि बॉम्बला वेचून माणूस निवडता येत नाही.

विन्ह लिन्हमधली तीसेक हजार मुले सरकारी योजनेखाली उत्तरेकडच्या प्रांतांत पाठवण्यात आली. रात्री चालत, दिवसा दडून, आठवडेच्या आठवडे प्रवास करून ती परक्या घरांत पोचली आणि कित्येकांना आईबाप पुन्हा दिसायला वर्षे लागली. तरी सगळे गाव उठून जाणे शक्य नव्हते आणि अनेकांची तशी इच्छाही नव्हती. पहिल्यांदा घराशेजारी खंदक खणले गेले, मग खंदकांवर छपरे आली. बॉम्ब जड होत गेले तसे खंदक निकामी ठरू लागले. १९६५-६६मध्ये गावकऱ्यांनी आणि तिथल्या सीमासुरक्षा ठाण्यातल्या जवानांनी समुद्राकडेच्या टेकडीच्या पोटात शिरायचे ठरवले.

ही टेकडी कशाची आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून होते. विन्ह लिन्हची माती लाल आहे, बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली. कोकणातल्या वाचकाला तिचा स्वभाव सांगायला नको. जांभा खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा-ऊन लागले की कडक होतो, तशीच ही मातीही कुदळीला वाट देते आणि हवा लागली की भिंत धरून उभी राहते. आतल्या बोगद्याला बहुतेक ठिकाणी लाकडाचा किंवा विटांचा आधार द्यावा लागला नाही. जाड लाकडाच्या चौकटी लागल्या त्या तोंडांपाशी. हेच गाव चार-दोन कोसांवरच्या वाळूत असते तर ही हकीकत घडलीच नसती.

हत्यारे म्हणजे कुदळ, फावडे आणि बांबूच्या टोपल्या. मुख्य बोगदा सुमारे मीटरभर रुंद, माणूस किंचित वाकून किंवा बुटका असेल तर ताठ चालेल इतका उंच, आणि फाट्यांसह एकूण लांबी दोन किलोमीटरच्या जरा आत. एवढ्यावरून कामाचा अदमास घेता येतो. ढोबळ मानाने तीन हजार घनमीटर माती निघाली असेल तर तिचे वजन पाच हजार टनांच्या घरात जाते. वीस किलोची एक टोपली धरली तर अडीच लाख टोपल्या. त्या सगळ्या अरुंद वाटेने, बहुतांशी अंधारात, माणसांच्या हातांवरून बाहेर आल्या. बाहेर आलेली माती तशीच टाकता येत नव्हती, कारण ताज्या लाल मातीचा ढीग विमानातून सहज नजरेत भरतो. ती बॉम्बच्या खड्ड्यांत भरली गेली, समुद्रात लोटली गेली. तेही वरून विमाने फिरत असताना.

भुयाराचे तीन मजले आहेत. वरचा जमिनीखाली दहा-बारा मीटरांवर, मधला पंधराच्या आसपास आणि सर्वांत खालचा वीस मीटरांहून खोल. लोक मुख्यतः वरच्या दोन मजल्यांवर राहत. सर्वांत खाली कोन कोला जायचे धान्य आणि दारूगोळा. आणि या सगळ्याला तेरा तोंडे. सात समुद्राकडे उघडणारी, सहा टेकडीवर. तोंडे झुडपांत लपवलेली, आणि आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, लगेच वळते. स्फोटाचा दाब सरळ नळीत फार दूरवर जातो. वळणावर आपटला की त्याचा जोर मोडतो. दक्षिण व्हिएतनाममधली कू चीची भुयारे जगाला अधिक ठाऊक आहेत, पण ती मुख्यतः लढणाऱ्यांची. त्यांची दारे माणूस कसाबसा आत सरकेल इतकीच, म्हणजे शत्रूला आत येता येऊ नये. विन्ह मोकला गरोदर बाई, पाठीवर पोर घेतलेली आजी आणि पाण्याची घागर या तिघांना एकमेकांना ओलांडून जायचे होते. दारे मोठी, बोगदा उंच, हा फरक कोणासाठी खणायचे यातून आला.

आता हवा. माणूस स्वस्थ बसला तरी तासाला पंधरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. विन्ह मोकच्या भुयारात साठ-एक कुटुंबे, म्हणजे सुमारे तीनशे माणसे राहत. तीन हजार घनमीटरच्या पोकळीत तीनशे माणसे कोंडून सगळी दारे बंद केली, तर पाच-सहा तासांत त्या हवेत एक टक्का कार्बन डायऑक्साइड साठेल आणि सोळा-सतरा तासांत तीन टक्के. तीन टक्क्यांना डोके ठणकू लागते, धाप लागते, माणूस चिडचिडा आणि गोंधळलेला होतो. प्राणवायू संपायच्या कितीतरी आधी हा वायू बेजार करतो. शिवाय निजलेले शरीरही सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सतत सोडत असते आणि श्वासागणिक वाफ. हवा हलली नाही तर भुयार एका दिवसात राहण्याजोगे उरत नाही. तिथे पंखे नव्हते. हवा हलवायची तर ती वाऱ्यानेच.

किनाऱ्यावरचा वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई समुद्राकडे वाहू लागतो. सात तोंडे समुद्राकडे आणि सहा टेकडीवर ठेवण्यात हा वारा आत घेण्याची युक्ती होती. दिवसा खालून आलेली हवा बोगद्यातून वर निघून जाई, रात्री उलट. वारा पडला असेल तेव्हाही खालची आणि वरची तोंडे यांच्या उंचीतला फरक थोडेफार काम करी, कारण माणसांच्या अंगाने गरम झालेली हवा वर चढते आणि खालच्या तोंडांतून गार हवा ओढली जाते. जमिनीत दहा मीटर खाली गेले की ऋतूंचा फरक जवळजवळ लागत नाही, तापमान तिथल्या वर्षभराच्या सरासरीला येऊन थांबते. उन्हाळ्यात त्या भागात लाओसच्या डोंगरांवरून कोरडा, भाजणारा वारा उतरतो. तेव्हा वरच्यापेक्षा खालीच सुसह्य होते, फक्त ओल कधी जात नसे. एक बॉम्ब जमीन फोडून आत घुसला आणि फुटला नाही. त्याने केलेले भोक गावकऱ्यांनी हवेसाठी वापरात आणले, असे तिथे सांगतात. ज्या लोकांना हवेची किंमत एवढी कळली होती, त्यांनी तसे केले असणार हे मला पटते.

स्वयंपाकाची अडचण याहून बिकट. चूल पेटवावी तर आत धूर कोंडतो; धूर बाहेर सोडावा तर तो विमानाला पत्ता सांगतो. यावरचा तोडगा व्हिएतनाममध्ये आधीच निघालेला होता. फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत, १९५१-५२च्या होआ बिन्ह मोहिमेच्या वेळी, सैन्याच्या एका तुकडीत होआंग काम नावाचा आचारी होता. जखमींसाठी गरम अन्न करायचे आणि धूर दिसू द्यायचा नाही, ही त्याची रोजची कटकट. त्याने चुलीच्या मागून उताराने वर जाणारे लांब चर खणले, त्यांवर फांद्या घातल्या आणि वर ओल्या मातीचा पातळ थर दिला. धूर चरांतून जाता जाता थंड होतो, त्यातली काजळी ओल्या मातीला चिकटते, आणि उरलेला जमिनीच्या फटींतून पांढुरक्या धुक्यासारखा झिरपून विरतो. आजही व्हिएतनाममध्ये ही चूल त्याच्याच नावाने ओळखली जाते. सेनापतींच्या नावांनी भरलेल्या युद्धाच्या इतिहासात एका आचाऱ्याचे नाव टिकले, याचा मला मनापासून आनंद आहे. विन्ह मोकच्या भुयारातली चूल याच पद्धतीची होती.

कुटुंबाच्या वाट्याला यायचा तो बोगद्याच्या भिंतीत खणलेला कोनाडा. एक माणूस आडवा होईल एवढी लांबी, मीटरभराच्या आतबाहेर खोली. त्यात तीन-चार माणसे. दिवा रॉकेलचा नाही तर खाण्याच्या तेलाचा, आणि तोही जपून, कारण दिवाही हवा खातो. पाण्यासाठी आतच विहिरी खणल्या होत्या. आंघोळीला आणि कपडे धुवायला जागा होती, शौचकूप होते, दवाखाना होता. पन्नास-साठ माणसे बसतील असे एक सभागृह होते. तिथे बैठका होत, गाणी होत, कधी चित्रपटही दाखवला जाई. बाळंतिणीसाठी वेगळी खोली होती आणि तिथे सतरा मुले जन्मली. त्या खोलीची मापे कितीही वेळा वाचली तरी एक गोष्ट मनातून जात नाही : या बायकांच्या कळांच्या वेळी वर बॉम्बफेक चालू असली तर सुईणीला ओरडून बोलावे लागत असेल, आणि बाळ रडले की ते ठीक आहे हे कळण्यासाठी दिवा जवळ आणावा लागत असेल. सतरा मुले जन्माला येणे म्हणजे त्यामागे स्वच्छ पाणी होते, उकळायला चूल होती, आईला चार घास अधिक देणारे कोणी होते. गावाने हे सगळे एकमेकांत वाटून घेतले होते. पहारा कोणी द्यायचा, पाणी कोणी भरायचे, मैला कोणी आणि कधी बाहेर न्यायचा, हे ठरलेले असल्याशिवाय तीनशे माणसे त्या जागेत आठवडाभरही राहू शकली नसती.

आणि लोक दिवसरात्र आत नव्हते. भात लावायचा होता, मासे धरायचे होते. बॉम्बफेक थांबली की माणसे वर येत, रात्री शेतात जात, आणि विमानांचा आवाज आला की जवळच्या तोंडाकडे पळत. तेरा तोंडांचा हाही उपयोग. शेतात कुठेही असलात तरी एखादे दार पळत गाठता येईल इतके जवळ. विन्ह मोकच्या भुयारात कोणी बॉम्बने मेले नाही असे तिथल्या नोंदी सांगतात. गावातले लोक मेले ते बाहेर : शेतात, किनाऱ्यावर, कोन कोच्या वाटेवर.

नोव्हेंबर १९६८मध्ये अमेरिकेने उत्तरेवरची बॉम्बफेक थांबवली, १९७२मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि भुयाराचा वापर त्या सुमारापर्यंत होत राहिला. विन्ह लिन्हमध्ये अशी भुयारे शंभराहून अधिक होती. बहुतेक ढासळली, विन्ह मोकचे जवळजवळ मूळ रूपात उरले आहे.

एकच तोंड असले की काय होते, याचा दाखला त्याच युद्धात, शेजारच्या लाओसमध्ये आहे. शिएंग खुआंग प्रांतात थाम पिऊ नावाची गुहा आहे, चुनखडीच्या उभ्या कड्यात. बॉम्बफेकीमुळे आसपासच्या गावांतली माणसे तिथे राहायला गेली. वरचा खडक भक्कम, कोणत्याही बॉम्बला दाद न देणारा. पण गुहेचे मोठे तोंड दरीकडे उघडे, समोरून दिसणारे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी विमानातून सोडलेला अग्निबाण त्या तोंडातून आत शिरला. आतल्या साडेतीनशेहून अधिक माणसांचा शेवट झाला. कड्याची जाडी शेवटपर्यंत शाबूत होती.

लंडनकडे परत येतो, कारण तिथे दारांचा तिसरा प्रश्न पुढे आला : ती कोणाच्या ताब्यात? सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांनी लंडनवर रोज रात्री हल्ले सुरू केले तेव्हा भुयारी रेल्वे आसऱ्यासाठी वापरायला सरकारचा विरोध होता. गाड्या चालू राहायला हव्यात हे एक कारण. दुसरे कारण असे की लोक एकदा खाली गेले तर कामावर वर येणारच नाहीत, अशी अधिकाऱ्यांना भीती. लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी स्वस्तातले तिकीट काढले, फलाटावर उतरले आणि घोंगडी पसरली. काही आठवड्यांत सरकारला नमते घ्यावे लागले. सप्टेंबरअखेर एका रात्री पावणेदोन लाखांच्या वर माणसे फलाटांवर झोपली होती. सुरुवातीला शौचाची सोय म्हणजे बादल्या, तीही नसली तर बोगद्याची अंधारी बाजू. उवा, खरूज, डास यांनी लोक हैराण झाले. पुढे खाटा आल्या, जागेची तिकिटे आली, खाणे-चहा घेऊन येणाऱ्या खास गाड्या आल्या.

एक गोष्ट मात्र चित्रांमुळे आणि चित्रपटांमुळे फुगली आहे. नोव्हेंबर १९४०मध्ये सरकारने मोजदाद केली तेव्हा मध्य लंडनमधले जेमतेम चार टक्के लोक भुयारी रेल्वेत झोपत होते. नऊ टक्के सार्वजनिक आसऱ्यांत, सत्तावीस टक्के घरच्या किंवा परसातल्या आसऱ्यांत. उरलेले बहुतेक आपापल्या घरात. ज्यांना परसदार नव्हते, तळघर नव्हते, ज्यांची घरे गोदीजवळच्या दाट वस्तीत होती, ते जास्त करून भुयारांत आले. स्पिटलफिल्ड्समध्ये एका मोठ्या तळघरात पाच हजारांच्या जागेत दहा हजार माणसे कोंबलेली असत. तिथे मिकी डेव्हिस नावाच्या चष्मेवाल्याने लोकांची निवडलेली समिती उभी केली, साफसफाईच्या पाळ्या लावल्या, औषधपाण्याची सोय केली. सरकारी पथके पोचण्याआधी त्या तळघराचे एक गाव झाले होते. आणि खोली एकटी पुरत नाही याचा पुरावा लंडननेही दिला. १४ ऑक्टोबर १९४० रोजी बॅलहॅम स्टेशनावरच्या रस्त्यात बॉम्ब पडला, वरचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ फुटले, आणि चिखल-पाणी फलाटावर उतरले. साठहून अधिक माणसे गेली.

हा विषय १९४० किंवा १९६७मध्ये संपलेला नाही. युक्रेनचे खारकीव्ह शहर रशियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये आक्रमण झाले तेव्हा हजारो लोक मेट्रोच्या स्थानकांत आणि उभ्या डब्यांत राहायला गेले आणि मे महिन्यात गाड्या पुन्हा सुरू होईपर्यंत तिथेच राहिले. त्याच दिवसांत वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले भारतीय विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्रातली मुलेमुलीही, वसतिगृहांच्या तळघरांत आणि मेट्रोत अडकले होते. घरोघरी आईबाप फोन धरून बसले होते. मुलांच्या तक्रारी पाण्याच्या, मोबाइल चार्ज करण्याच्या, शौचालयाच्याही होत्या. १ मार्चला खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला तो खाण्याचे सामान आणायला वर गेला असताना. दुसऱ्या दिवशी भारतीय दूतावासाने खारकीव्हमधल्या विद्यार्थ्यांना ताबडतोब, वाहन मिळाले नाही तर चालत, शहराबाहेरच्या वस्त्यांकडे निघायला सांगितले. तळघराने जीव वाचवला होता, पण तिथे किती दिवस काढायचे याची तयारी कोणाचीच नव्हती.

खारकीव्हने पुढे ती तयारी केली. सीमेपलीकडून सुटलेले क्षेपणास्त्र मिनिटाच्या आत येऊन पडते, म्हणजे भोंगा ऐकून पोरांना वर्गातून खाली नेण्याइतका वेळच नसतो. तेव्हा वर्गच खाली नेले. २०२३च्या सप्टेंबरपासून मेट्रोच्या स्थानकांत शाळा भरू लागल्या आणि २०२४मध्ये मुद्दाम जमिनीखाली बांधलेली शाळा सुरू झाली, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणेसह. ही व्यवस्था मला विन्ह मोकच्या जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात लपण्याबरोबर रोजचे जगणे धरलेले आहे. फिनलंडने हे शांततेच्या काळात करून ठेवले आहे. तिथे ठरावीक आकाराच्या इमारतीला आसरा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे आणि पंचावन्न-छप्पन लाखांच्या देशात सुमारे ४८ लाख माणसांची सोय झालेली आहे. हेलसिंकीतले मोठे आसरे एरवी पोहण्याचे तलाव, खेळाची मैदाने, गाड्यांचे तळ म्हणून चालू असतात. वेळ आली की ७२ तासांत रिकामे करून आसऱ्याच्या कामी आणायचे. रोजच्या वापरातल्या जागेचे दार गंजत नाही, पंखा बंद पडला तर त्याच दिवशी कळते, आणि आत शिरायची वाट शहराच्या पायाखालची असते.

आपल्याकडे हा प्रश्न जम्मूच्या सीमेवर आहे. जम्मू, सांबा, कठुआ, राजौरी आणि पूंछ या जिल्ह्यांतल्या गावांसाठी केंद्र सरकारने चौदा हजारांहून अधिक बंकर मंजूर केले. घरगुती बंकर १६० चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी. सार्वजनिक ८०० चौरस फुटांचा, चाळीस माणसांसाठी. म्हणजे माणशी वीस चौरस फूट, विन्ह मोकच्या कोनाड्यापेक्षा ऐसपैस. जिथे ते बांधले गेले तिथे माणसे वाचली आहेत. पण काही ठिकाणी पावसाळ्यात पाणी साचून ते वापराबाहेर गेले, आणि मे २०२५मध्ये पाकिस्तानी तोफांचा मारा थेट पूंछ शहरावर झाला तेव्हा तिथे बंकर फारच थोडे होते. डझनभराहून अधिक नागरिक मेले. तोफेचा गोळा भोंग्याची वाट पाहत नाही. सीमेवरचे लोक म्हणूनच सार्वजनिक बंकरावर समाधान न मानता घरोघरी वेगळा बंकर मागतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेला चाळीस माणसांचा बंकर रात्री दोन वाजता, म्हाताऱ्या आईला उठवून, अंधारात गाठता येत नाही.